बीझेडइमेजपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढचा घाट बघून जा (कर्नल ६.१२, उबंटू २४.०४, दोन रात्री)

आत्ता पहाटेचे पावणेचार वाजलेत, समोर काळ्या स्क्रीनवर एक हॅशचं चिन्ह लुकलुकतंय आणि त्याच्या मागे मी स्वतः बिल्ड केलेलं, म्हणजे सोर्स कोडपासून बनवलेलं, लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालू आहे. झोप उडालीये म्हणून लगेच लिहून टाकतो, उद्या उठल्यावर यातलं अर्धं विसरेन आणि उरलेलं अर्धं सोपं वाटायला लागेल.

ऑफिसातल्या एका सीनियरने सांगितलं होतं, "अरे पाच कमांडचं काम आहे, जेवणाच्या सुट्टीत होतं." त्याच्या पाच कमांड बरोबर होत्या, फक्त त्या कर्नल बिल्ड करायच्या होत्या (म्हणजे बीझेडइमेज नावाची, बूट करायची कर्नलची फाईल बनवायच्या), चालवायच्या नव्हत्या. फरक नंतर कळला. शुक्रवारी रात्री निघालो आणि पोचलो आत्ता, म्हणजे रविवार उजाडताना.

टर्मिनल, ॲप्ट, सुडो येतं असं धरून चाललोय. चार कोअर, ८ जीबी रॅम आणि किमान ३० जीबी मोकळी डिस्क पाहिजे. डिस्कचं मनावर घ्या, त्याचं रडगाणं खाली आहे.

सामान: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, सीपीआयओ आणि क्यूएमू-सिस्टिम-एक्स८६ (क्यूएमू म्हणजे कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर, आपलं कर्नल त्यातच चालवायचं). एका ॲप्ट कमांडमध्ये सगळं बसतं, पाच मिनिटं, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. फ्लेक्स-बायसन कॉन्फिगच्या (कर्नलमध्ये काय घ्यायचं, काय नाही त्या यादीच्या) फाईली वाचायला लागतात, लिबएल्फ कर्नलच्याच ऑब्जटूल नावाच्या तपासणीच्या टूलला लागते, आणि बीसी, म्हणजे तो टर्मिनलवरचा कॅल्क्युलेटर, टायमरचे आकडे काढायला लागतो. मी बीसी गाळला होता, म्हणलं कॅल्क्युलेटरचं इथे काय काम, तर बिल्ड तिथेच बसलं.

सोर्सच्या डाउनलोडमध्ये मी पहिल्यांदा लुटला गेलो. घरचं वायफाय शुक्रवारी बंद होतं म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट लावला आणि आख्ख्या रिपॉझिटरीचं गिट क्लोन मारलं. त्यात २००५ पासूनची सगळी हिस्टरी येते, काही जीबींचा मामला. दिवसाचा दीड जीबी डेटा संपला, क्लोन निम्म्याच्याही अलीकडे तुटलं, आणि गिट क्लोन तुटलं की जिथून तुटलं तिथून पुढे जात नाही, पुन्हा श्रीगणेशा! वर एक ॲड-ऑन डेटा पॅक घेतला, तोही त्यातच गेला. शेवटी कर्नल डॉट ऑर्गवरून ६.१२ चा टारबॉल (सगळा सोर्स दाबून बसवलेली एक फाईल) घेतला, तो दीडशे एमबीच्या आत येतो. हिस्टरी तुम्हाला या प्रवासात कुठेही लागत नाही, टारबॉल घ्या आणि निघा. गिटच पाहिजे असेल तर डेप्थ १ देऊन (म्हणजे जुन्या हिस्टरीशिवाय) क्लोन करा.

टारबॉल सोडवताना फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका. माझ्या फोल्डरचं नाव 'कर्नल ट्राय' होतं आणि मेकने (बिल्ड चालवणारी कमांड) तोंडावर सांगितलं की सोर्सच्या पाथमध्ये स्पेस किंवा कोलन चालणार नाही. स्पष्ट बोलणारी एरर, अशा एरर पुढे मिळत नाहीत, आनंद घ्या. आणि जे विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) करणारेत त्यांनी सी ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये सोर्स सोडवू नये. कर्नलमध्ये नेट/नेटफिल्टर फोल्डरात एक्सटी_डीएससीपी.सी नावाच्या दोन फाईली आहेत, एकीत डीएससीपी कॅपिटल, दुसरीत स्मॉल, आणि दोघींचं काम वेगळं. विंडोजच्या डिस्कला तो फरक साधारणपणे दिसत नाही, एक फाईल दुसरीच्या उरावर बसते. लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये सोडवा म्हणजे झालं.

कॉन्फिगबद्दल इंटरनेटवर निम्मे लोक सांगतात की बूट फोल्डरमधलं चालू कर्नलचं कॉन्फिग कॉपी करा, तेच सेफ. ऐकू नका. ते कॉन्फिग उबंटूने जगातल्या यच्चयावत हार्डवेअरसाठी बनवलेलंय. एक तर थोड्या वेळाने ते कॅनॉनिकलच्या सर्टिफिकेटची फाईल मागतं जी तुमच्याकडे नसते, मग सिस्टिम ट्रस्टेड कीज आणि रिव्होकेशन कीज हे दोन्ही रिकामे करा, मग पाहोल (डीबगची माहिती हाताळणारं टूल) नाही म्हणून रडतं, आणि हे सगळं निस्तरून झोपायला गेलो तर सकाळी उठून बघतो तर डिस्क फुल्ल. डीबग इन्फोसकट (चुका शोधायला लागणारी जास्तीची माहिती) हजारो मॉड्यूल (कर्नलला लागतील तसे जोडायचे तुकडे), २० जीबीच्या वर गेलं होतं सगळं. अख्खी शुक्रवारची रात्र यात गेली. 'मेक डेफकॉन्फिग' मारा, क्यूएमूमध्ये चालवायला तेवढं पुरतं, सिरियल कन्सोल (कर्नलच्या ओळी टर्मिनलवर आणायची वाट) आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना रॅममध्ये उलगडणारी छोटी फाईलसिस्टिम) दोन्ही त्यात चालू असतात.

मग मेक, डॅश जे आणि पुढे कोअरचा आकडा. आकडा विसरू नका. नुसतं डॅश जे दिलं की मेक म्हणतं हवे तेवढे काढा, एकदम शेकडो जीसीसी (सीचा कंपायलर) सुटतात, माझा माऊस जागच्या जागी गोठला आणि पॉवरचं बटण दाबून धरावं लागलं. आकडा दिल्यावर बावीस मिनिटं लागली, मी पोहे खाऊन आलो. उबंटू २४.०४ चं जीसीसी १३ आहे, काही कुरकुर नाही. ज्यांच्याकडे जीसीसी १५ आहे त्यांनी जुनी कर्नल घेऊ नयेत, त्या जीसीसीने सीचा डीफॉल्ट स्टँडर्ड बदललाय आणि जुना कोड बूल, फॉल्स या शब्दांवरून अडकतो.

बावीस मिनिटांनी ओळ आली की बीझेडइमेज तयार आहे. (बीझेड म्हणजे बिग झेड, बीझिप नाही, मी इतकी वर्षं चुकीचं समजत होतो.) बहुतेक सगळ्या गाईड इथे 'अभिनंदन' म्हणून संपतात. हे म्हणजे एसटीने पायथ्याच्या गावात सोडलं आणि गड सर झाला म्हणून फोटो टाकला!

शनिवारी दुपारी चारला मी क्यूएमूला बीझेडइमेज दिली. पहिला अर्धा तास नुसती काळी स्क्रीन, कारण नोग्राफिक (वेगळी खिडकी नको, सगळं टर्मिनलवरच) लावलं होतं पण कर्नलला 'कन्सोल=टीटीवायएस०' सांगितलंच नव्हतं, तो बिचारा न दिसणाऱ्या स्क्रीनवर सगळं छापत होता. ते ॲपेंडमध्ये (क्यूएमूतून कर्नलला सूचना द्यायचा ऑप्शन) घातल्यावर ओळी धडाधड आल्या आणि शेवटी पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकले, रूट फाईलसिस्टिम माउंट करता येत नाही, अननोन-ब्लॉक शून्य शून्य. बरोबरच आहे, मी त्याला कर्नल सोडून काही दिलंच नव्हतं. कर्नल सगळी तयारी करून एक प्रोग्राम शोधतो, पहिला, पीआयडी १, आणि तो नाही सापडला तर जीव देतो. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्सने मिनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या न्यूजग्रुपवर लिनक्सची जी पहिली घोषणा केली तिच्यातही त्याने बॅश १.०८ हा शेल आणि जीसीसी १.४० चालवलंय हे आवर्जून सांगितलं होतं. तेव्हाच कळायला हवं होतं की शेल नसेल तर कर्नल दाखवायचं कुणाला.

तर शेल पाहिजे, म्हणजे बिझीबॉक्स, शेल आणि नेहमीच्या कमांड एकाच प्रोग्राममध्ये. मी शहाणपणा करून बिझीबॉक्स १.३६.१ पण सोर्सवरून बिल्ड करायला घेतला. टीसी.सी या फाईलवर फुटला, सीबीक्यू नावाचं काहीतरी सापडत नाही म्हणे. उबंटू २४.०४ चे कर्नल हेडर ६.८ चे आहेत, त्यातून सीबीक्यू काढून टाकलंय आणि बिझीबॉक्सला ते अजून हवंय. बिझीबॉक्सच्या कॉन्फिगमध्ये टीसी (नेटवर्कच्या ट्रॅफिकची कमांड) बंद करा, पुढे जातं.

आणि आता तो घाट. इनिटरॅमएफएस बनवलं, म्हणजे एक फोल्डर, त्यात बिन, प्रॉक, सिस, डेव्ह, आणि इनिट नावाची चार ओळींची शेल स्क्रिप्ट, मग फाइंड आणि सीपीआयओने त्याचं गाठोडं. पहिल्या गाठोड्याला परत तेच शून्य शून्यचं पॅनिक, कारण फाइंड मी फोल्डरच्या बाहेर उभं राहून मारलं होतं, त्यामुळे इनिट एक पायरी आत गेली. फोल्डरच्या आत जाऊन डॉटपासून फाइंड मारायचं, आणि सीपीआयओला न्यूसी फॉरमॅट सांगायचाच, त्याचा डीफॉल्ट कर्नलला झेपत नाही. ते केलं. मग आली ही ओळ: फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट, एरर उणे २.

उणे २ म्हणजे अशी फाईल नाही. मी गाठोडं उलगडून बघितलं, फाईल आहे. परवानगी बघितली, आहे. नाव परत टाइप केलं. स्क्रिप्टची पहिली ओळ बघितली, /बिन/एसएच, तोही आहे, बिझीबॉक्सकडे जाणारी लिंक. संध्याकाळी सहापासून रात्री एकपर्यंत मी या एका ओळीसमोर बसलो होतो. दोनदा कर्नल साफ करून परत बिल्ड केलं, प्रत्येकी बावीस मिनिटं, काहीही कारण नसताना. कॉन्फिगमध्ये न कळणारे ऑप्शन चालू-बंद केले. घरचे जेवायला बोलावून थकले.

एक वाजता कॉलेजच्या मित्राला मेसेज टाकला, तो जर्मनीत असतो, जागा होता. त्याचं उत्तर एका ओळीत: "भावा, बिझीबॉक्सवर फाईल कमांड मार आणि काय म्हणतंय ते वाच." मारली. डायनॅमिकली लिंक्ड, इंटरप्रिटर /लिब६४/एलडी-लिनक्स आणि पुढचं सगळं. बस. बिझीबॉक्स डीफॉल्टने स्टॅटिक, म्हणजे लागणारं सगळं स्वतःच्या पोटात घेऊन, बिल्ड होत नाही, त्याला सुरू व्हायला तो लोडर लागतो, आणि माझ्या गाठोड्यात लिब६४ नावाचं फोल्डरच नव्हतं. कर्नल खोटं बोलत नव्हता, एक फाईल खरंच नव्हती, पण नाव घेतलं भलतीचं. लग्नाचा हॉल आहे, नवरा-नवरी हजर आहेत, गुरुजी आले नाहीत, आणि दारावर पाटी लावलीये 'नवरदेव सापडले नाहीत'.

तुम्ही हे काही करू नका. ॲप्टने बिझीबॉक्स-स्टॅटिक घ्या आणि तो एक बायनरी कॉपी करा. सोर्सवरूनच पाहिजे असेल तर कॉन्फिगमध्ये स्टॅटिक चालू करा. सात तास वाचतील.

घाटातले आकडे लक्षात ठेवा, मला कुणी सांगितले नव्हते. उणे २ आला तर फाईलपेक्षा तिला लागणारा लोडर किंवा शेल नाही असं आधी धरा (स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली असेल तरी हाच येतो, ओळीच्या शेवटी न दिसणारं अक्षर चिकटतं). उणे १३ म्हणजे चमॉड (फाईलला चालायची परवानगी देणं) विसरलात. उणे ८ म्हणजे स्क्रिप्टची पहिली ओळच नाही. आणि 'अटेम्प्टेड टू किल इनिट' आलं तर घाबरू नका, तुम्ही जवळ आहात, स्क्रिप्ट चालली आणि संपली एवढंच, पीआयडी १ ला संपायची मुभा नसते. शेवटच्या ओळीत एक्झेक (स्क्रिप्टची जागा शेलला देणारी कमांड) लावून शेल ठेवा. एक्झिट टाइप केलंत तरी हेच पॅनिक येतं, मी आनंदात टाइप केलं आणि दोन सेकंद काळजाचा ठोका चुकला.

प्रॉम्प्ट आल्यावर 'जॉब कंट्रोल बंद' अशी ओळ येते, दुर्लक्ष करा. पीएस (चालू प्रोसेसची यादी) रिकामा आला तर प्रॉक माउंट करायचं राहिलंय.

क्यूएमू हळू वाटत असेल तर केव्हीएम (प्रोसेसरची मदत घेऊन क्यूएमू पळवणारी सोय) लावा, परवानगी नाकारली तर स्वतःला केव्हीएम ग्रुपमध्ये घालून लॉगआउट-लॉगइन करा. पण एवढ्याशा कर्नलला केव्हीएमशिवायही काही सेकंदच लागतात, त्यासाठी वेळ घालवू नका. क्यूएमू फाब्रिस बेलारने २००३ मध्ये सुरू केलं, आणि याच माणसाने २००४ मध्ये स्वतःच्या छोट्या सी कंपायलरने बूट होतानाच कर्नल कंपाइल करून दाखवलं होतं, पेंटियम ४ वर, पंधरा सेकंदांच्या आत. मी तीनदा बावीस मिनिटं घालवली आहेत, त्यामुळे या माणसाबद्दल आत्ता माझं मत फार चांगलं नाही.

जीडीबी (डीबगर) जोडून कर्नल स्टार्ट_कर्नल या त्याच्या सुरुवातीच्या फंक्शनवर थांबवणं वगैरे शनिवारी सकाळच्या प्लॅनमध्ये होतं. राहिलं. करणार असाल तर डीबग इन्फो चालू करून वेगळ्या फोल्डरात बिल्ड करा, ॲपेंडमध्ये नोकेएएसएलआर द्या (नाहीतर मेमरीत कर्नलची जागा दर वेळी बदलते), आणि डिस्कचं वर सांगितलंय ते आठवा.

जागा रिकामी करायला 'मेक क्लीन' वापरा. 'मेक एमआरप्रॉपर' नको, ते युरोपातल्या फरशी पुसायच्या लिक्विडच्या नावावरून ठेवलंय आणि तसंच पुसतं, तुमचं डॉट-कॉन्फिगसुद्धा जातं. आधी ते कुठेतरी कॉपी करून ठेवा.

आणि क्यूएमूतून बाहेर कंट्रोल-सीने पडता येत नाही, ते आतल्या कर्नलला जातं. कंट्रोल-ए दाबा, सोडा, मग एक्स. माझी खिडकी अजून उघडीच आहे, आज बंद करवत नाहीये.