मामाच्या विहिरीतली माती

गेल्या मे महिन्यात पोलादपूरजवळच्या आमच्या आजोळी मामाने घरामागे विहीर खणायला घेतली. बावीस फूट गेले तरी कातळ लागेना. मजुरी चढत चाललेली, मामा वैतागलेला. मला म्हणाला, "तू दगडांचं शिकलीस ना? मग सांग, कातळ गेला कुठे?"

शिडीने खाली उतरले. तांबूस मातीत दगड कसेही रुतलेले, सुपारीएवढ्याला खेटून पाट्याएवढा. सगळ्यांच्या कडा बोट कापेल अशा. सावित्रीच्या पात्रातले गोटे गुळगुळीत असतात, कारण नदी त्यांना घोळवत आणते आणि सुपात पाखडावं तसं निवडून टाकते. ओढ असेल तिथे गोटे, ओढ कमी झाली की वाळू, पाणी थांबलं की गाळ. इथे कुणी काही पाखडलेलं नव्हतं. गाळाचा खडक कुठून आला हे ओळखायला कॉलेजात सिंधुदुर्गातल्या कलादगी वाळूखडकाचे तुकडे भिंगाखाली धरायचो, तेव्हा पाहायचो ते हेच: कण केवढा, गोल की टोकदार, निवडलेला की भेसळ.

चिमूटभर माती दाताखाली धरली. करकरली तर बारीक वाळू-गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. लोण्यासारखी होती. वरून मामी ओरडली, "काय गं, डोहाळे लागले का?"

चौदा फुटांवर मात्र एक काळपट पट्टा होता, जेमतेम वीतभर. त्यात कुजलेल्या मुळ्या. म्हणजे तिथे कधीतरी जमिनीचा पृष्ठभाग होता, झाडं होती, आणि मग ती गाडली गेली. पट्ट्याच्या वरही तीच भेसळ, खालीही तीच. दरड कोसळून डोंगर निदान दोनदा खाली आला होता. आमचं अंगण एवढं सपाट कसं, हा प्रश्न लहानपणी कुणालाच पडला नव्हता.

मग मामाला घेऊन वर चढले. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा आहे, आमचा बारमाही झरा नेमका त्याच्यावरून निघतो. वरून मुरलेलं पाणी त्या चिकण थरावर अडतं आणि आडवं बाहेर पडतं. एरवी ठीक. पण २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर कोसळला, तेव्हा पाण्याला बाहेर पडायला सवडच नव्हती. ते कणाकणांत साठलं की मातीला आतून उचलायला लागतं, पकड सुटते. त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, ८०हून जास्त माणसं. मामा म्हणाला, त्या रात्री आपल्या झऱ्याला गढूळ पाणी आलं होतं. चार वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

झऱ्याच्या वर करवंदीच्या जाळीत भेग सापडली. तीन बोटं रुंद, चंद्रकोरीसारखी वळलेली. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, मधलं अंतर टेपने मोजलं: ४१ सेंटिमीटर. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून वरच्या अंगाला चर खणून घेतला. तालुक्याला अर्ज दिला, पोच मिळाली.

विहिरीचं काम थांबवलंय. मामा दर रविवारी आकडा पाठवतो. जूनभर ४१. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ४२ आलं, त्याच्याखाली लिहिलेलं, "टेप ओली होती, उद्या परत बघतो." मी त्याला फोन करून सांगितलं, बघायला जाऊ नकोस, मामीला आणि म्हशींना घेऊन आधी आत्याकडे जा.