स्पिट्झच्या अंगावरचा कोंडा: दहा आठवड्यांचा माझा अनुभव

कुत्री स्पिट्झ, वय चार, वजन ५ किलो. डिसेंबर लागला, पुण्याची हवा कोरडी पडली आणि तिच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी कोंडा दिसायला लागला. काळा स्वेटर घालून तिला उचललं की छातीवर पीठ सांडल्यासारखं. खाज जवळजवळ नव्हती, कुठे टक्कल पडलं नव्हतं, अंगाला वास नव्हता. या तिन्ही गोष्टी पुढे कामाला आल्या.

कोंडा दिसला की हात तेलाच्या बाटलीकडे जातो. तो आवरला, कारण कोंडा पिसवांनी होतो, किड्यांनी होतो, बुरशीने होतो, थायरॉइड कमी पडल्यानेही होतो आणि नुसत्या कोरडेपणानेही. वरून तेल चोपडलं की खपल्या बसून जातात आणि तपासणाऱ्याला खरी कातडी दिसत नाही. म्हणून तपासणी होईपर्यंत अंगाला काही लावलं नाही, आंघोळही घातली नाही.

घरी दोनच चाचण्या केल्या. पहिली काळ्या कार्डपेपरची. बारीक दातांची फणी केसांच्या उलट दिशेने, शेपटीकडून खांद्याकडे दहा वेळा फिरवली आणि निघालेला कोंडा कागदावर झटकला. टेबललॅम्पखाली, हातात भिंग घेऊन चार-पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. पंखा बंद, श्वासही जरा बाजूला, नाहीतर सगळाच कोंडा चालायला लागतो. यात शोधायचा तो चेलेटिएला नावाचा किडा. तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, खपल्यांमध्येच राहतो आणि एखादा पांढरा कण आपणहून सरकताना दिसला तर समजायचं की बहुधा तोच आहे. अशा वेळी कुत्र्याला मांडीवर घेणाऱ्या माणसांच्या हातांवर, पोटावरही खाजऱ्या लाल पुटकुळ्या येऊ शकतात. आमच्या कागदावर काही हललं नाही, घरात कुणाला पुटकुळ्या नव्हत्या.

दुसरी चाचणी पिसवांची. फणीत अडकलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवायचे. दोन मिनिटांत भोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे असं नाही. दाट केसांत ती सहसा दिसत नाही.

मग डॉक्टर. त्यांनी बोथट धरलेल्या ब्लेडने, लिक्विड पॅराफिनचा थेंब घालून, किंचित रक्त पाझरेपर्यंत कातडी खरवडली. डेमोडेक्स हा दुसरा किडा केसांच्या मुळात खोल असतो, वरवर खरवडून तो सापडत नाही. नंतर पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आहे का ते पाहिलं. भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकारावरून ते ओळखू येतं. अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवाही फिरवला. नायट्याची एक जात त्यात सफरचंदी हिरवी चमकते, पण सगळे नायटे चमकत नाहीत, आणि नुसत्या खपल्या किंवा मलमही निळसर चमकतं. त्यामुळे शंका असेल तर फंगल कल्चरच, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहणं, करावं लागतं आणि त्याला दोन-तीन आठवडे जातात. गोल टक्कल नसल्याने आम्हाला ते लागलं नाही. थायरॉइडची टी-४ चाचणीही टाळली. सुस्ती, जास्त न खाताही वाढणारं वजन, केस गेलेली शेपटी यातलं काहीच नव्हतं, आणि दुसऱ्या आजारांतही टी-४ खाली येऊ शकतो, त्यामुळे उगाच केलेली चाचणी दिशाभूल करते.

सगळं निगेटिव्ह. उरलं घरातलंच: आंघोळ आणि खाणं.

आंघोळ दर रविवारी, घरातल्या बेबी शाम्पूने. माणसाची कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची बरीचशी उदासीन, त्यामुळे ‘बाळालाही चालतो’ या शिफारशीला इथे अर्थ नाही. त्यात स्पिट्झला केसांचे दोन थर. आतल्या लोकरीत फेस अडकून राहायचा आणि वाळून त्याच्याच पापड्या व्हायच्या.

दहा दिवस आंघोळ बंद. मग कुत्र्यांसाठीचा ओट्सचा शाम्पू, तीन आठवड्यांतून एकदा. गंधक आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडवाला ‘कोंड्याचा’ शाम्पू मुद्दाम घेतला नाही. तो मुख्यतः तेलकट, चिकट कोंड्यासाठी असतो. कोरड्या कातडीला तो आणखी कोरडं करू शकतो. दुकानात मात्र कोंडा म्हटलं की हीच बाटली पुढे येते.

आंघोळीआधी पूर्ण विंचरायचं, कारण गुंता ओला झाला की त्याचा नमदा होतो. पाणी मनगटाला जेमतेम कोमट. आतली लोकर पाणी झटकते, म्हणून भिजवायलाच पाच मिनिटं. एक भाग शाम्पू, पाच भाग पाणी असं बाटलीत मिसळून, केस पाडून कातडीवर. मग घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं. पाच मिनिटं झाली की ती अंग झटकते आणि भिंत धुवावी लागते. खंगाळायला फेसाच्या दुप्पट वेळ. बोट केसांखाली कातडीवर फिरवून निसरडं लागलं तर अजून पाणी. पंचाने दाबून टिपायचं, घासायचं नाही. ड्रायर थंड हवेवर, मुळापर्यंत कोरडं होईस्तोवर. लोकर आतून दमट राहिली तर एका दिवसात लाल, ओली जखम होऊ शकते. पिसवांचं मानेवर टाकायचं औषध आणि आंघोळ यांत मागे-पुढे ४८ तास ठेवायचे. आंघोळीनंतर आणि मध्ये दर तीन दिवसांनी, कुत्र्यांसाठीचा ग्लिसरिनवाला स्प्रे.

खोबरेल का नाही? ती चाटते, पोट बिघडतं, उरलेल्या तेलावर धूळ बसते. टी ट्री ऑइल तर कुत्र्यांना विषारीच. करंज तेलात गंधक हा सल्ला दोघा-तिघांनी दिला. तो लुतीवरचा जुना उपाय, आणि लूत नाही हे खरवडून पाहिलेलं होतं.

खाणं ही खरी गोम. सकाळी पोळी-दूध, रात्री दहीभात, वर मूठभर कोरडं खाद्य. यात प्रथिनं कमी, लिनोलेइक आम्ल (कातडीला लागणारा स्निग्ध घटक) कमी, आणि गव्हातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं, ते अंगी लागत नाही. प्रथिनांचा मोठा वाटा कातडी आणि केसांनाच लागतो, तुटवडा पडला की तिथेच आधी दिसतो. दर दोन दिवसांनी पाव हिस्सा वाढवत आठ दिवसांत कुत्र्यांच्या संपूर्ण आहाराच्या कोरड्या खाद्यावर आणलं. तिला दिवसाला साधारण ३४० कॅलरी पुरतात. अर्धा चमचा करडईचं तेल (२० कॅलरी), माशाच्या तेलाची एक कॅप्सूल (१०), बाकी खाद्य ८५ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून. वाटीच्या मापाने रोज दहा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे होतं. ५ किलोच्या कुत्रीला ते थोडं नाही.

माशाच्या तेलाचा हिशेब त्यातल्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ आम्लांच्या बेरजेवर, कॅप्सूलच्या वजनावर नव्हे. १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये १८० अधिक १२०, म्हणजे ३०० असतात. डॉक्टरांनी किलोमागे ५० ते ६० मिलिग्रॅम सांगितलं होतं, म्हणजे एक पुरली. पहिला आठवडा दिवसाआड, नाहीतर शी पातळ होते. कॉडलिव्हर ऑइल वेगळं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, ते सहज जास्त होतं. चघळायच्या गोड गोळ्यांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा पदार्थ असू शकतो, तो कुत्र्याला घातक. शस्त्रक्रिया ठरली असेल तर माशाचं तेल चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं, रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो.

पहिले दोन आठवडे कोंडा वाढल्यासारखा वाटला, जुन्या खपल्या सुटत होत्या. इथेच माणूस शाम्पू बदलतो. कातडीची पेशी तळातून वर यायला सुमारे तीन आठवडे घेते, आणि तेलाचा परिणाम दिसायला सहा ते आठ. म्हणून दर रविवारी तीच फणी, तीच जागा, दहा फेऱ्या, तोच काळा कागद आणि एक फोटो. पाचव्या आठवड्यात कागद निम्मा मोकळा दिसला. दहाव्यात सात पांढरे कण मोजले आणि एक काळा. तो ओल्या टिश्यूवर ठेवला. डाग पडला नाही. कुंडीतली माती होती.