ऑस्करच्या टाकीचा अमोनिया: रिंगा जिवंत आहेत, खोट पाण्यात आहे

तर मंडळी, मीडिया, म्हणजे फिल्टरमधल्या रिंगा ज्यांच्यावर अमोनिया खाणारे बॅक्टेरिया राहतात, तो मेलेला नाही. बादलीत सिद्ध झालं. अमोनिया उतरत नाही म्हणून टाकलेल्या मागच्या अपडेटला निम्म्या लोकांनी 'रिंगा फेक आणि नवीन घे' म्हणून सांगितलेलं, त्यांनी आता पार्टी द्यायची.

नवीन आलेल्यांसाठी: ४ फुटी टाकी, पाणी साधारण २४० लिटर, ऑस्कर माशांची जोडी, सनसन कंपनीचा कॅनिस्टर (टाकीबाहेरचा डबा-फिल्टर), खाली स्पंज, वरच्या ट्रेमध्ये सिरॅमिक रिंगा आणि थोडा लाव्हा रॉक. माशांच्या घाणीतून येणारा, एरवी कायम शून्य असणारा अमोनिया पावसाळा लागल्यापासून २ पीपीएमवर (लिटरला २ मिलिग्रॅम) येऊन बसलेला आणि हलायचं नाव नाही. मासे मात्र निवांत, पेलेट दिसला की अजून उड्या मारतात, आणि हेच मला खटकत होतं, कारण एवढ्या अमोनियात ऑस्कर तळाला बसून धापा टाकायला पाहिजे.

रिंगांवर गाळ बेताचाच, वास ओल्या मातीचा. फिल्टर आतून सडला की कुजक्या अंड्याचा वास मारतो, तसलं काही नाही. टाकीच्याच पाण्यात हिसळून परत लावल्या, फ्लो झकास, लाईट गेली तरी इन्व्हर्टर आहे. बाटलीतले बॅक्टेरियापण ओतून झाले, माझं मत विचाराल तर त्या पैशात चार स्पंज येतात आणि स्पंज जास्त काम करतो.

मग बादलीचा प्रयोग. कल्हईवाले वापरतात तो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराईडच. १ ग्रॅम १०० मिली पाण्यात विरघळवायचा, त्यातलं ६ मिली १० लिटरला घातलं की साधारण २ पीपीएम होतं. टाकीत घालायचा नाही हां, बाजारातला किती शुद्ध असतो देव जाणे. एका बादलीत नळाचं पाणी, त्यातलं क्लोरीन घालवून, पाव चमचा खायचा सोडा आणि हा नवसागर. दुसऱ्या बादलीत टाकीचं पाणी जसंच्या तसं, त्यात अमोनिया होताच. दोन्हीत सारख्याच ओंजळभर रिंगा आणि एकेक एअरस्टोन. दुसऱ्या सकाळी सोड्याच्या बादलीत अमोनिया निम्म्यावर आणि त्याच्या पुढच्या सकाळी टेस्ट ट्यूब पिवळी धम्मक, शून्य! टाकीच्या पाण्याची बादली होती तिथंच, हिरवी. त्याच रिंगा, तोच फिल्टर. लय भारी वाटलं राव, घरात सगळ्यांना ट्यूब दाखवत फिरलो, कुणाला काय पडलेलं नाही ते सोडा.

एवढं होईतोवर केएचची, म्हणजे पाण्याची ॲसिड झेलायची ताकद (अल्कलिनिटी) मोजायची, बाटली आली एकदाची. इथं दुकानात केएच मागितलं की पीएचची पट्टी हातात ठेवतात, ऑनलाईन मागवली तर पार्सल आठवडेच्या आठवडे कुठंतरी हिंडत होतं. असो. ५ मिली पाणी, पहिला थेंब, आणि निळा रंग यायच्या ऐवजी थेट पिवळं. म्हणजे केएच १ च्या खाली, जवळजवळ नाहीच. पीएच ६.०, तेपण एपीआयच्या टेस्ट किटचा रंगपट्टा तिथं संपतो म्हणून, खरा अजून खाली असू शकतो. नळाचं पाणी मोजलं, केएच २.

आता हिशोब बघा, हा मला सगळ्यात आवडला. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन खाताना बॅक्टेरिया ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खातात. माझ्या जोडीला रोज ५ ग्रॅमच्या आसपास पेलेट, प्रोटीन ४५ टक्के, प्रोटीनमध्ये १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे ०.३६ ग्रॅम. त्यातला दोन तृतीयांश पाण्यात आला धरला तर ०.२४ ग्रॅम, गुणिले ७.१४ म्हणजे १.७ ग्रॅम अल्कलिनिटी रोज. २४० लिटरमध्ये दिवसाला ०.४ केएच! नळाचं २ केएचचं पाणी पाच दिवसात सफाचट, आणि पाणी बदलतोय आपण आठवड्याला. उन्हाळ्यात नळाचं केएच जास्त असावं म्हणून निभावत होतं, पावसाळ्याच्या पातळ पाण्यानं बारा वाजवले. वर माझं ते भलं मोठं ड्रिफ्टवूड (टाकीतलं सजावटीचं लाकूड), तेपण ॲसिड सोडतंय.

केएच संपलं की पीएच कोसळतो, आणि पीएच कोसळला की अमोनिया बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात जातो. अमोनियम माशाला फारसं बाधत नाही म्हणून ऑस्कर मजेत, पण बॅक्टेरियाला लागतो मोकळा अमोनिया, तो तिथं नावाला. त्यामुळं रिंगा भरलेल्या आणि बॅक्टेरिया उपाशी.

आणि इथंच खरी गोम आहे, नीट वाचा. अशा वेळी घाबरून अर्ध्या टाकीचं पाणी एकदम बदलायचं नाही, सोडाही फक्कन ओतायचा नाही. पीएच एकानं वाढला की मोकळा अमोनिया जवळपास दहापट होतो. ६ वर २ पीपीएम म्हणजे काहीच नाही, ८ वर तेच २ पीपीएम माशाला घातक ठरू शकतं. म्हणून आधी अमोनिया खाली, मग पीएच वर. सध्या खाणं अगदी कमी, रोज १० टक्के पाणी, आणि त्या नवीन पाण्यापुरताच चिमूटभर सोडा. कालपर्यंत पीएच ६.४, अमोनिया १ वर. उतरायला लागलाय!

पुढं काय? ठरवलं होतं की कायम सोडाच घालायचा, ५० लिटरला ६ ग्रॅम घातला की ४ केएच वाढतं. पण रोज कोण मोजत बसणार. मग क्रश्ड कोरल बघितलं, भाव बघून गप बसलो, आणि लक्षात आलं की अंड्याच्या कोंबड्यांना घालतात ती शेल ग्रिट म्हणजे शिंपल्याचा चुराच, कॅल्शियम कार्बोनेट, पशुखाद्याच्या दुकानात किलोवर मिळते. आणली, धुतली, जाळीच्या पिशवीत भरून कॅनिस्टरच्या वरच्या ट्रेत ठेवणार होतो. नंतर वाटलं नको, सारखा कॅनिस्टर कोण उघडणार, टाकीतच आउटलेटच्या तोंडाशी टांगतो, पाणी ॲसिडिक झालं की जास्त विरघळेल, नाहीतर कमी, म्हणजे आपोआप सांभाळून घेईल. पण अमोनिया शून्य झाल्यावरच, आत्ता नाही.

आणि हे टाईप करता करताच डोक्यात आलं, आमच्या अपार्टमेंटला बोअर आहे की! कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंपिंग स्टेशन पाण्याखाली जाऊन नळ बंद पडले तेव्हा त्याच्यावरच टाकी निघालेली. मधेच उठून बाटलीभर आणलं आणि मोजलं, केएच ११! म्हणजे एक भाग बोअर, तीन भाग नळ केलं की ४ च्या वर जातंय, फुकटात, सोडा नको, ग्रिट नको. ऑस्करला असल्या पाण्यानं काही फरक पडत नाही. फक्त बोअरमध्ये नायट्रेट किती आहे ते बघायला पाहिजे, ड्रेनेज जवळच आहे. नायट्रेट टेस्टची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोर लावून हलवावी लागते, नाहीतर रीडिंग खोटं येतं, तेवढं जेवण झाल्यावर करतो.

तोवर राजारामपुरी, शाहूपुरीकडं कुणी बोअरचं नायट्रेट मोजलं असेल तर आकडा टाका. ग्रिट कुणाला पाहिजे असेल तर सांगा, ५ किलो आणून बसलोय.