पावसात गाडीचा अलार्म आपोआप वाजतोय? माझा अनुभव

जुलैत झड लागली आणि आमची गाडी रात्री-अपरात्री बोंबलायला लागली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत भिंतीला भिंत लागून घरं. त्यात शेजारी बाळंतीण, त्यामुळं जीव नुसता टांगणीला.

आधी रिमोटचा सेल बदलला. बॅटरी तपासली, गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. बॅटरी उतरली की काही अलार्म आपोआप वाजतात, म्हणून हे आधी बघून घ्या.

मग गाडी सर्व्हिस सेंटरला दिली आणि खरा मनस्ताप तिथं सुरू झाला. रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी सांगितलं, "आमच्याकडं वाजलाच नाही ओ." जॉबकार्डवर, म्हणजे गाडीची तक्रार आणि काम नोंदवतात त्या कागदावर, लिहिलं, दोष आढळला नाही. त्याच रात्री पाऊस आला आणि घरासमोर परत तेच. पुन्हा गेलो तर म्हणे अलार्मचं अख्खं युनिट बदला. मी विचारलं, नेमका कुठला सेन्सर बिघडलाय? उत्तर नाही. गाडी शेडमध्ये कोरडी ठेवता, एक रात्र उघड्यावर पावसात लावून बघा, म्हटलं. तर "बाहेर लावायची परवानगी नाही." जो दोष पावसात दिसतो तो कोरड्या शेडमध्ये कसा सापडणार? हजारो रुपयांचं युनिट अंदाजावर बदलायला सांगायचं आणि एक साधी चाचणी करायची नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बिल न करता गाडी काढली.

शिवाजी उद्यमनगरातल्या वायरिंगवाल्यानं आल्या आल्या विचारलं, "पावसातच वाजतोय, की धुतल्यावर पण?" धुतल्यावर पण! बॉनेटच्या लॉकपाशी एक छोटं स्विच असतं, बॉनेट उघडलं की अलार्मला कळवणारं. त्याचं सॉकेट काढलं तर आत हिरवट गंज. मल्टिमीटर लावून स्विच दाबून धरलं आणि वायर जरा हलवली, तर स्थिर राहायला हवं ते रीडिंग सारखं तुटत होतं. ओल शिरली की अलार्मला वाटायचं, कुणीतरी बॉनेट उघडलंय. नवं स्विच बसवलं, सॉकेट साफ केलं, काम फत्ते. पैसे काही शेकड्यांतच गेले. त्यानंतर मुसळधार पाऊस झाला, गाडी गप्प. त्या माणसाला मी मुद्दाम पेढे नेऊन दिले.

अलार्म गप्प करायला या स्विचचं सॉकेट नुसतं काढून ठेवायची युक्ती सगळीकडं चालत नाही. तसं केलं की काही गाड्या बॉनेट बंद समजतात, काही उघडं.

जड ट्रक गेल्यावर किंवा ढग गडगडल्यावर वाजत असेल तर शॉक सेन्सर, म्हणजे हादरा टिपणारा सेन्सर, बघा. बाहेरून बसवलेल्या अलार्ममध्ये बहुतेक वेळा त्याची संवेदनशीलता कमी करायला स्क्रू असतो. दाराच्या स्विचचा संशय असेल तर आतल्या दिव्याचं बटण 'डोअर'वर ठेवा आणि बंद दार बाहेरून दाबून बघा, दिवा लुकलुकला तर ते दार. आत हालचाल टिपणारा सेन्सर असेल तर आरशाला लटकवलेली वस्तू काढा, काच पूर्ण लावा.

वॉशिंगवाल्याला प्रेशरचा पाइप बॉनेटच्या लॉकवर मारू देऊ नका. आणि जॉबकार्डवर तक्रार लिहिताना "अलार्म वाजतो" एवढंच नको. "पावसात, गाडी लॉक असताना, रात्री" असं स्वतः उभं राहून लिहून घ्या आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.