सभागृहाची किल्ली

रविवारी चर्चच्या उपासनेत मी त्याचं भरभरून कौतुक केलं आणि मंगळवारी सकाळी त्याची आई माझ्यासमोर येऊन बसली.

तो आमच्या तरुण संघाचा चिटणीस, वय 24. गायनाचा सराव, माइक-स्पीकर, खुर्च्या मांडणं, आजाऱ्यांच्या भेटी, सगळीकडे तोच. सभागृहाची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी त्याच्याकडे. असा एखादा तरुण मिळाला की पाळकाचं निम्मं ओझं उतरतं. उतरलेलं ओझं कोणाच्या खांद्यावर गेलं, हे बघायला मी कधी गेलो नव्हतो.

बाई तक्रार घेऊन आल्या नव्हत्या. पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर हाताने सपाट केला. डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. नवऱ्याला मधुमेह, डोळ्यांचा पडदा तपासायचा होता. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले की काही तास नीट दिसत नाही, म्हणून सोबत कोणीतरी हवं. बाईंच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत. कागदावर दोन तारखा खोडलेल्या, खाली तिसरी लिहिलेली.

"गुरुवारी तुमचा सराव असतो ना, पाळकसाहेब. तो तुमचं ऐकतो. तेवढा एक गुरुवार सोडा त्याला."

तो 'सोडा' मला लागला. मी कुठे धरून ठेवलंय, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

दुपारी त्याला बोलावलं. मी विषय काढताच त्याने शांतपणे बायबलमधलं मत्तय 10:37 काढलं. जो बापावर किंवा आईवर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. "तुम्हीच संदेश दिला होता यावर, पास्टर."

दिला होता खरा, आणि बऱ्यापैकी रंगलाही होता. आता त्याच संदेशाचं उत्तर मला द्यायचं होतं. मी म्हटलं, "त्या अध्यायात विश्वासापायी घरातलेच वैरी होतात. तुला बाबा उपासनेला जाऊ नको म्हणाले का?"

"नाही."

"काय म्हणाले?"

"दवाखान्यात चल म्हणाले."

दोघेही क्षणभर गप्प. पण पोरगा हुशार. बारा वर्षांचा येशू मंदिरात मागे राहिला, आईबापांनी तीन दिवस शोधलं, तेव्हा तो काय म्हणाला, असं त्याने मला विचारलं. मला माझ्या पित्याच्या घरी असायला हवं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं काय? लूक 2:49. मी बायबल त्याच्यापुढे सरकवलं आणि 51वं वचन मोठ्याने वाचायला सांगितलं. तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. दोन वचनं खाली.

"तो बारा वर्षांचा होता," तो म्हणाला. "मी चोवीसचा आहे."

मुद्दा बिनतोड होता, आणि मला आवडलाही. चोवीस वर्षांच्या माणसाने बापाची प्रत्येक गोष्ट ऐकलीच पाहिजे, असं मीही मानत नाही. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना आज्ञेत राहायला सांगणारं क्रियापद वेगळं आहे, आणि लगेच पुढच्या ओळीत आईबापांचा मान राखायला सांगणारं वेगळं. लहानपणीची आज्ञाधारकता मागे पडते, मान मागे पडत नाही. आईबापांचा मान राख, ही दहा आज्ञांमधली एक. त्या मूळ हिब्रू आज्ञेतला 'मान राख' हा शब्द ज्या धातूपासून येतो, त्याचा अर्थ जड असणं, वजन असणं. आपण मराठीत एखाद्याच्या शब्दाला वजन आहे म्हणतो, तेच. बापाचं म्हणणं शेवटी नाकारलंस तरी चालेल, पण ते हलकं समजून नाकारू नकोस, असं मी त्याला सांगितलं.

मग मार्क 7 काढलं. ही मानाची आज्ञा आमच्या प्रोटेस्टंट गणनेत पाचवी, कॅथलिक बांधवांच्या गणनेत चौथी. येशूने ती तिथे सुनावली ती मोठ्या माणसांना, लेकरांना नव्हे. आईबापांना ज्याचा उपयोग झाला असता ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करून मोकळं होण्याची रीत होती. देवाच्या नावाने घरच्यांना टाळायची धार्मिक पळवाट. वाचता वाचता माझाच आवाज मंदावला. कारण ही पळवाट टिकायची तर अर्पण घेणाराही लागतो. त्याचे गुरुवार मी घेत होतो, आणि वर रविवारी टाळ्याही वाजवून घेतल्या होत्या.

मी तसं बोलूनही दाखवलं. कदाचित त्यामुळेच तो खरं बोलला. बापाच्या मनातली नोकरी त्याने घेतली नव्हती. तेव्हापासून घरात त्याला नाव नव्हतं. 'महाशय' आले का, 'महाशय' जेवले का. "इथे मला कोणी तसं बोलत नाही," तो म्हणाला. एवढंच. सेवेचं पाचारण वगैरे खोटं नव्हतं, पण त्याच्या आड लपायला जागाही छान होती.

बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका, हेही त्याच सहाव्या अध्यायात आहे. मुलांना सांगायची वचनं आम्ही पाळक घडाघडा म्हणतो, या चौथ्या वचनावर मात्र माझा एकही संदेश नाही. वडिलांशी मी बोलेन, असं मी कबूल केलं. त्यांच्या बदलाची हमी देता येत नव्हती, ती दिली नाही.

"आणि गुरुवारी?" मी विचारलं.

त्याने खिशातून जुडगा काढला. सभागृहाची किल्ली रिंगमधून सुटेना. नखाने कडी फाकवत, तोंडाने पुटपुटत त्याने ती शेवटी काढली आणि टेबलावर ठेवली. सराव मलाच घ्यावा लागला. माझा सूर बरा नाही, हे मंडळीने मोठ्या मनाने सहन केलं.

रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. जाताना बाबा रस्ताभर बोलत होते. कुठून वळायचं, किती हळू चालतोस, सगळं. थेंब घातल्यावर बोलणं बंद झालं. जिना उतरताना त्यांनी त्याचा खांदा धरला, तो घराच्या दारापर्यंत सोडला नाही.

"महाशय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले. पण खांदा धरून." मग जरा थांबून, "किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, पास्टर. पुढच्या गुरुवारी रिपोर्ट आहे."

वडिलांशी मी अजून बोललेलो नाही. रविवारी उपासनेनंतर त्यांना थांबवून घेणार आहे.