गढूळ पाण्याचं गाव

कॅनडातल्या विनिपेगमध्ये नळ सोडला की पाणी येतं ते नितळ, चवीला हलकं, साबणाला लगेच फेस आणणारं. आणि शहराचं नाव? क्री भाषेत त्याचा अर्थ ‘गढूळ पाणी’. नाव मुळात उत्तरेकडच्या सरोवराचं, शहराने ते उसनं घेतलं. पण रेड आणि असिनिबॉइन या दोन चिखलट नद्यांच्या संगमावरच्या गावाला ते शोभतंही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नळाला विहिरींचं पाणी होतं. ते इतकं जड, की बॉयलरमध्ये क्षारांचे थर साचत. १९०४ च्या ऑक्टोबरात लागलेल्या मोठ्या आगीत जेम्स ॲशडाउन यांचं हार्डवेअरचं दुकान खाक झालं. विझवायला विहिरींचं पाणी पुरेना, म्हणून असिनिबॉइनचं पाणी थेट पिण्याच्या नळांच्या जाळ्यात सोडलं. आग विझली आणि विषमज्वर घरोघरी पोचला. हेच ॲशडाउन १९०७ मध्ये महापौर झाले.

पाणी खरं आणलं ते थॉमस डीकन यांनी. लोखंडी कामाच्या कारखान्याचे मालक, पेशाने अभियंता, १९१३-१४ चे महापौर. शोल लेक हे सरोवर त्यांच्या माहितीतलं होतं. सरोवर शहरापेक्षा सुमारे ९० मीटर उंच, अंतर साधारण १५५ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरमागे उतार जेमतेम साठ सेंटिमीटर. एवढ्या भांडवलावर पाणी पंपाशिवाय, आपल्या वजनाने चालत आणायचं! आधी रूळ टाकले, कारण दलदलीतून सिमेंट-खडी नेणार कशी? मग चर खणायचा, तळाचं काँक्रीट ओतायचं, त्यावर साचे बसवून घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान घालायची आणि गोठू नये म्हणून वर माती लोटायची. नद्यांखालून मात्र दाब सोसणारे गोल नळ. एक दुखणं पुढे उद्भवलं: जमिनीतल्या पाण्यातलं सल्फेट सिमेंटशी संयोग पावतं, काँक्रीट फुगतं आणि भुसभुशीत होतं. त्यावर उपाय म्हणजे पाटाभोवतालच्या पाण्याचा निचरा.

१९१९ च्या वसंतात पाणी शहरात आलं. आजही विनिपेगचं सगळं पिण्याचं पाणी तिथूनच येतं.

जिथून पाणी उचलायचं त्या खाडीत फाल्कन नदी आपलं तपकिरी, झाडपाल्याचा रंग उतरलेलं पाणी आणून टाकत होती. शहराला ते नको, म्हणून बांध घातला आणि कालवा खोदून ते शेजारच्या खाडीत वळवलं. त्या कालव्याने शोल लेक ४० या आदिवासी समाजाची वस्ती मुख्य भूमीपासून तोडली. शहराला नितळ पाणी मिळालं; ज्यांचं सरोवर, त्यांचं बेट झालं. १९९७ पासून चोवीस वर्षं त्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं जात होतं. बारमाही रस्ता २०१९ मध्ये झाला, शुद्धीकरण केंद्र २०२१ मध्ये. शहराच्या पाण्याच्या मोठ्या साठ्याला डीकन यांचं नाव आहे, हे खरं, पण हिशेबाच्या वहीत दुसरं पानही आहे.

पाणी पोचून दोन महिने होतात न होतात तोच, १५ मे १९१९ ला, शहरात सार्वत्रिक संप झाला. सुरुवातीच्या ठिणग्यांपैकी एक डीकन यांच्याच कारखान्यातली. तीसेक हजार कामगार बाहेर पडले. नळ पूर्ण बंद केले तर गरीबच मरतील, म्हणून पाण्याचा दाब चौरस इंचाला तीस पौंडांवर ठेवला गेला. बैठ्या घरांत नळ चालू, वरच्या मजल्यांवर ठणठणाट! वर्गसंघर्ष इतक्या नेमकेपणाने मोजल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. संपाचे एक पुढारी, नगरसेवक जॉन क्वीन, तुरुंगात गेले, १९२० मध्ये तुरुंगातूनच विधानसभेवर निवडून आले आणि १९३५ मध्ये महापौर झाले.

हिवाळ्यात या नळाचा स्वभाव बदलतो. गोठतो तो रस्त्याखालचा मोठा नळ नव्हे, त्यापासून घरापर्यंत येणारा बारीक नळ. रात्रभर त्यातलं पाणी हलत नाही ना. शिवाय थंडी जमिनीत सावकाश उतरते. वर बर्फ वितळू लागतो तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये, खाली ती सर्वांत खोल पोचलेली असते. २०१४ मध्ये हजाराहून अधिक ठिकाणचे नळ असे गोठले. ज्यांच्या नळाला धोका आहे त्यांना पालिका सांगते, थंड पाण्याचा एक नळ पेन्सिलीच्या जाडीच्या धारेने रात्रंदिवस चालू ठेवा. थेंब थेंब गळून भागत नाही, आणि गरम पाण्याचा नळ सोडला तर फक्त गॅसचं बिल वाढतं.