ब्लॉकमधून पाणी जातं, पण पुढे कुठे जाणार?

मी पेव्हर ब्लॉकच्या प्लांटमध्ये क्वालिटी बघतो. गेल्या पावसाळ्यातली पुण्यातल्या एका सोसायटीची कम्प्लेंट अजून डोक्यातून जात नाहीये. पार्किंगमध्ये आमचेच पाणी झिरपणारे ब्लॉक, आणि जरा मोठी सर आली की टायर पाण्यात.

हा ब्लॉक बनवणं खरंच अवघड आहे. वाळू जवळपास नाहीच, बारीक खडी आणि सिमेंट, पाणी इतकं मोजून की मूठभर माल दाबला तर गोळा टिकला पाहिजे, भुगाही नको आणि ओघळायलाही नको. साच्याखालचं टेबल जास्त व्हायब्रेट झालं की सिमेंटची पेस्ट खाली उतरते आणि ब्लॉकचं बूड बंद, वरून मस्त जाळीदार दिसतो पण पाणी जात नाही. कमी झालं तर कडा झडतात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक बॅचमधल्या ब्लॉकवर पाणी ओतून बघतात, मुलं हे काम मनापासून करतात.

सोसायटीत जाऊन, पाणी किती वेगाने मुरतं ते मोजायला ब्लॉकवर 300 मिमीची रिंग पुट्टीने चिकटवली. आधी 3.6 लिटर ओतायचं, ते 30 सेकंदांच्या आत गेलं तर पुढची टेस्ट 18 लिटरची. ते 18 लिटर मिनिटात गेलं तरी मुरण्याचा हिशोब ताशी 15,000 मिमी पावसाच्या वर जातो, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत पडला होता 944 मिमी. इथे पहिलंच पाणी जागचं हलेना.

पहारीने ब्लॉक उचकटला. खाली 2 ते 5 मिमीची चिप, म्हणजे बारीक खडी, हवी तिथे क्रशरची डस्ट, दाबून दगड झालेली, आणि त्याखाली जुनं पीसीसी, म्हणजे साधं सिमेंट काँक्रीट, जसंच्या तसं. तोच ब्लॉक धुऊन बादलीवर धरला आणि पाणी ओतलं तर सरळ खाली. चेअरमन काका म्हणाले, "अहो, मग पाणी जाणार तरी कुठे होतं?"

मिस्त्रीला मी दोष देणार नाही, तो आयुष्यभर ब्लॉकखाली डस्टच टाकत आलाय. राग येतो तो टेंडर काढणाऱ्यांचा. पाणी झिरपणारा ब्लॉक, रेट प्रति चौरस मीटर, संपली एक ओळ. खालच्या उघड्या खडीच्या थराचा आयटमच नाही, आणि काळी माती असेल तर भोकाचा पाइप टाकून पाणी बाहेर काढावं लागतं हे कुणाच्या ध्यानीमनी नाही.

माझं मत आता असं होत चाललंय की जाळीदार ब्लॉकच्या मागे लागण्यापेक्षा भरीव एम-40 चा (एम-40 म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा ग्रेड) ब्लॉक करावा, कडेला मोठे स्पेसर, म्हणजे दोन ब्लॉकमध्ये अंतर ठेवणारे उंचवटे, देऊन सांधे रुंद ठेवावेत आणि त्यात चिप भरावी. गाळ साचला तर सांध्यातली चिप काढून नवीन भरता येते, ब्लॉकच्या पोटातला गाळ मात्र सक्शन मशीन लावूनही पूर्ण निघत नाही. मालकांना पटत नाही, कारण गिऱ्हाइकाला बादलीचा डेमो आवडतो. तोवर एवढं तरी करा म्हणून मागे लागलोय, की ब्लॉकच्या ट्रकबरोबरच खालची चिपही आपणच पाठवायची.

सोसायटीने अर्धं पार्किंग उकरून पीसीसी फोडलंय, उरलेल्या अर्ध्याचा खर्च कोणी करायचा यावर मीटिंगा चालू आहेत.